दोन शिबिरांना मी नाही म्हटलं

गेल्या जुलैत एका शाळेच्या संस्थाचालकांचा फोन आला. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींचं 'ते डाएटच्या आजाराचं टेस्टिंग' (म्हणजे मुली स्वतःला उपाशी ठेवतात तसल्या खाण्याच्या विकारांचं) करून हवं होतं. फॉर्मच्या झेरॉक्स ते काढणार, मी तपासून मार्क द्यायचे. त्याच पंधरवड्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, त्यांना 'भव्य स्मरणशक्ती तपासणी शिबिर' घ्यायचं होतं. मंडप, पोहे-चहा आणि जाताना प्रत्येकाच्या हातात मार्क लिहिलेलं कार्ड. मी दोघांनाही नाही म्हटलं. दोघांनाही ते लागलं. 'मॅडम फुकटात काम करत नाहीत' हे त्यानंतर कानावर आलेल्या वाक्यांपैकी सगळ्यात सौम्य.

पैशाचा प्रश्नच नव्हता. पण कारण फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखंही नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. (पेशंटचे तपशील सगळीकडे बदललेत. कुणी ओळख पटवत बसू नये.)

मी मिरजेत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. स्टेशनवर उतरणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या काखेत फाईल असते. जत, तासगाव, कागवाड, अथणी, चिकोडी अशा सगळीकडून माणसं येतात आणि एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. म्हाताऱ्यांना मी सकाळी बोलावते, कारण जेवण झाल्यावर त्यांचं लक्ष लागत नाही. शाळा-कॉलेजच्या मुली संध्याकाळी येतात. त्यामुळे एकाच खुर्चीत सकाळी आज्जी आणि संध्याकाळी नात बसते, आणि दोघींपुढे मी कागद ठेवते. कागद वेगळे, पण त्यांचा घोळ एकच आहे, हे मला हळूहळू कळत गेलं.

आधी संशोधनाचं. अमेरिकेत 'यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स' नावाची तज्ज्ञांची समिती आहे. ज्यांना काही त्रास दिसत नाही, अशा लोकांची कुठली तपासणी सरसकट करावी हे ती पुरावे चाळून ठरवते आणि अक्षराने श्रेणी देते. ए किंवा बी मिळाली तर करा, डी मिळाली तर करू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्यांच्या स्मृती-आकलन तपासणीला या समितीने 'आय' श्रेणी दिली. मार्च २०२२ मध्ये दहा वर्षांपुढची मुलं आणि मोठी माणसं यांच्या खाण्याच्या विकारांच्या तपासणीलाही तीच 'आय'. या अक्षराचा अर्थ पुरावा अपुरा. म्हणजे तपासणी नापास झालेली नाही, निकाल राखून ठेवलाय. आणि ज्यांच्यात लक्षणं दिसतायत त्यांना हे लागू नाही. त्यांची तपासणी करायलाच हवी, आणि लवकर.

अपुरा म्हणजे काय, तर अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात ४,००५ ज्येष्ठांचे दोन गट केले. एका गटाची स्मृतितपासणी केली, दुसऱ्याची नाही. वर्षभरानंतर आयुष्याच्या गुणवत्तेत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. तपासणीमुळे कुणाचं मन खचलं असंही दिसलं नाही, ही त्यातली बरी बातमी. पण चाचणीत शंका आली त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी पुढची तपासणी नाकारली. हे वाचताना मला आमचाच संघ डोळ्यापुढे आला. मंडपात कार्ड सगळे घेतील. न्यूरॉलॉजिस्टकडे कोण जाईल?

शाळेच्या बाबतीत हिशोब त्याहून टोचणारा आहे. समजा शाळेत १,००० मुली आहेत आणि त्यातल्या १० खरोखर आजारी आहेत. समजा चाचणी चांगली आहे, म्हणजे आजारी मुलींपैकी ९०% पकडते आणि निरोगी मुलींपैकी ८८% जणींना बरोबर सोडते. दहातल्या नऊ सापडल्या. पण उरलेल्या ९९० निरोगी मुलींपैकी ११९ जणींच्या नावापुढेही खूण पडली. १२८ चिठ्ठ्या घरी गेल्या, त्यातल्या ११९ चुकीच्या. त्या रात्री त्या घरांमध्ये काय काय होईल याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या घरावरून बांधावा. आणि निसटलेली ती एक? तिला आता शाळेकडूनच 'नॉर्मल' असल्याचा दाखला मिळाला. मला भीती तिचीच जास्त वाटते. या आजारात लपवण्याइतकं मन लावून दुसरं काहीच केलं जात नाही, आणि वर्गात शेजारी मैत्रीण बसलेली असताना फॉर्मवर खरं कोण लिहितं?

आता त्या फॉर्मकडे वळू. खाण्याच्या विकारांसाठी जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची 'स्कॉफ' ही चाचणी लंडनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडली. दोन किंवा जास्त 'हो' आले की शंका घ्यायची. तिच्यात एक प्रश्न असा आहे की तीन महिन्यांत एक स्टोनहून जास्त वजन कमी झालं का? एक स्टोन म्हणजे साधारण सव्वासहा किलो. चाचणी पहिल्यांदा ताडून पाहिली ती १८ ते ४० वयाच्या बायकांवर. तेरा वर्षांच्या मुलीचं वजन उतरावंच लागत नाही. उंची चार बोटं वाढते आणि वजन जिथल्या तिथे थांबतं. वाढत्या वयात वजन थांबणं म्हणजे उतरणंच. पण ती मुलगी त्या प्रश्नाला 'नाही' असं अगदी प्रामाणिकपणे लिहील.

दुसरी प्रसिद्ध चाचणी 'ईट-२६'. टोरांटोच्या गार्नर आणि गारफिंकेल यांनी १९७९ मध्ये चाळीस प्रश्नांची काढली आणि १९८२ मध्ये सव्वीसवर आणली. वीस किंवा जास्त मार्क म्हणजे धोका. किंग आणि भुग्रा या संशोधकांनी ती हिंदीत करून उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना दिली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. धोक्याच्या रेषेपलीकडे इतक्या मुली गेल्या की संशोधकांनाच शंका आली. खोलात गेल्यावर दिसलं की मार्क काही ठरावीक प्रश्नांवर साचलेत. उपासतापास होते आणि प्रश्नांचा अर्थच मुलींनी वेगळा घेतला होता. त्या चाचणीत 'मी अन्नाचे बारीक तुकडे करते' असं एक विधान आहे. भाकरी-चपाती खाणारा कोणता माणूस तुकडे करत नाही? 'खाण्याच्या बाबतीत मी संयम दाखवते' असंही एक आहे. हावरटासारखं खाऊ नकोस म्हणून लहानपणी ज्यांच्या पाठीत धपाटे पडलेत, त्या सगळ्या जणी इथे बरोबरची खूण करणार.

उपासाचा मुद्दा मात्र सरळ नाही. आपल्याकडे एकादशी दुप्पट खाशी हे सगळ्यांना माहीत. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी खाऊन कुणी वाळत नाही. पण एखादी मुलगी आधी संकष्टी धरते, मग गुरुवार, मग चातुर्मास, आणि नवरात्रात नऊ दिवस फक्त ताक. तिला कोण अडवणार? उलट 'हल्लीच्या मुलींत इतकं कोण करतं' म्हणून शेजारच्या काकू कौतुक करतात. कौतुकाची तर रांगच लागते. बारीक झालीस, छान दिसतेस. अभ्यास किती करते. स्वयंपाकात किती मदत करते. सगळ्यांना वाढते, स्वतः शेवटी बसते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या आया आजाराची सुरुवात सांगतात ना, ती पहिल्या सहा महिन्यांत घरादाराला गुणांची यादी वाटलेली असते.

हाँगकाँगचे सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की तिथल्या उपाशी राहणाऱ्या कितीतरी मुली 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणतच नव्हत्या. त्या म्हणायच्या पोट फुगतं, भूक नाही. पाश्चात्त्य पुस्तकात तर वजनाची भीती हे मुख्य लक्षण. आपल्याकडेही दिल्ली-वेल्लोरच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या केसेस पुस्तकातल्या वर्णनाशी पुरत्या जुळत नव्हत्या. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या मुली ॲसिडिटी म्हणतात, गॅस म्हणतात, मेसच्या जेवणाने उलटी होते म्हणतात. मग आधी पोटाचे डॉक्टर होतात, एंडोस्कोपी होते. पाळी थांबली की पीसीओडीची गोळी सुरू होते आणि कुठेतरी 'वजन जरा आटोक्यात ठेवा' हे वाक्य पडतं. त्या मुलीला तेवढंच हवं असतं.

सकाळच्या पाळीतले कागद बघू. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी ३० मार्कांची 'मिनी मेंटल' तयार केली. चोवीसच्या खाली आलं की शंका घ्यायची असा प्रघात. २००५ मध्ये माँट्रियलच्या नसरेद्दीन यांची 'मोका' आली. तीही तीस मार्कांचीच, पण जरा कठीण आणि बारीकसा बिघाड पकडणारी. तिच्यात २६ लागतात. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक मार्क वाढवून देतात. एक! चौथीतून शाळा सुटून उभा जन्म द्राक्षबागेत गेलेल्या बाईला एका मार्काची सवलत. मग तिला पेन्सिल द्यायची आणि सांगायचं, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. हा ठोकळा बघून तसाच काढा. प्राण्यांची चित्रं आहेत, ती ओळखा. सिंह आणि उंट ओळखतात. गेंड्यापाशी आल्यावर एका आज्जींनी बराच विचार करून सांगितलं, "म्हशीच्याच जातीतलं हाय काय तरी."

शंभरातून सात वजा करत जा, हा दोन्ही चाचण्यांतला प्रश्न. तासगावकडच्या, बाजारात भाजी विकून घर चालवलेल्या एक आज्जी तिथे गप्प झाल्या. मी म्हटलं, आज्जी, मी शंभराची नोट दिली आणि सात रुपयांची कोथिंबीर घेतली.

"त्र्याण्णव. पन सात रुपयाला पेंडी कुटं मिळतीया आता?"

नियमाप्रमाणे हा मार्क मला देता येत नाही, कारण प्रश्न मी बदलला. पण ज्या बाईला चालू बाजारभाव ठाऊक आहे तिचं डोकं कुठे बिघडलंय? तारखेचंही तसंच. 'तारीख न्हाय ठावं, पन परवा कामिका एकादशी.' बरोबर असतं ते. मी नंतर कालनिर्णय बघून खात्री करते. (कालनिर्णय भिंतीवरून काढलेलं नाही, पेशंटची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून ठेवलीय. आधी समोर होतं, तेव्हा सगळ्यांची तारीख बरोबर येत होती.)

यावर आपल्या देशात फार चांगलं काम झालंय, आणि ते खेड्यात झालंय. हरियाणातल्या बल्लभगड भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी 'मिनी मेंटल' नव्याने बेतली आणि १९९५ मध्ये छापली. मूळ चाचणीत कागदावर 'डोळे मिटा' लिहिलेलं असतं, ते वाचून डोळे मिटायचे. इथे तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. एक वाक्य लिहा, याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. हीच चाचणी पुढे देशभरातल्या 'लासी-डॅड' या मोठ्या पाहणीत वापरली. साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४%, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, हा २०२३ मध्ये आलेला अंदाज त्याच पाहणीतला. आयसीएमआरनेही भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच केला. पहिल्या पाच भाषांत कन्नड होती, मराठी नव्हती. मिरजेत बसून हे वाचताना जरा गंमत वाटते, कारण माझे निम्मे पेशंट दोन्हीकडचे. (दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश साडेचार वर्षं उशिरा गाठतो असं हैदराबादच्या ६४८ पेशंटवरच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं होतं, अगदी न शिकलेल्यांमध्येही. त्यावर पुढे बरेच वाद झाले. तरी सीमाभागातल्या माणसाला हे सांगितलं की तो खूष होतो, आणि मी सांगते.)

तर घोळ असा की दोन्ही कागद माणसाची तुलना कुठल्यातरी ठरावीक माणसाशी करतात. मुलीची तुलना लंडनच्या बाईशी, आज्जीची माँट्रियलच्या शिकलेल्या आजोबांशी. मला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. ही बाई पाच-दहा वर्षांपूर्वी कशी होती, आणि आता कशी आहे? ही मुलगी गेल्या वर्षी कुठे होती, आणि आता कुठे आहे?

बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते. तीसपैकी अठ्ठावीस. शिबिरात त्यांना टाळ्या मिळाल्या असत्या. पण मी काहीही विचारलं की उत्तराआधी त्यांची मान बायकोकडे वळत होती. मान वळवण्याच्या या सवयीवरही अभ्यास झालेत, ती स्मृतिभ्रंशाच्या पेशंटमध्ये जास्त दिसते. काकू म्हणाल्या, सोसायटीचे हिशेब हे वीस वर्षं एकटाकी लिहायचे, आता दुसऱ्याकडे दिलेत आणि म्हणतात कंटाळा आला. लाइटबिल दोनदा भरलं. पुतण्याच्या लग्नाला जाऊन आलो तरी विचारतात, लग्न कधी आहे. अठ्ठावीसला काय करू मी? त्यांचे पूर्वीचे तीस आमच्या चाचणीच्या मापात मावणारे नव्हतेच. तिकडे कोथिंबीरवाल्या आज्जींना एकोणीस मिळाले आणि त्या ठणठणीत होत्या. सुनेनेच सांगितलं, उधारी कुणाकडे किती राहिलीय ते तोंडपाठ आहे.

ऑस्ट्रेलियाच्या जॉर्म यांनी १९८९ मध्ये अशी प्रश्नावली काढली की ती पेशंटला विचारायचीच नाही, घरच्यांना विचारायची. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता वस्तू कुठे ठेवल्या हे आठवणं कसं आहे? नवीन यंत्र शिकणं? पैशाचे व्यवहार? खूप सुधारलं इथपासून खूप बिघडलं इथपर्यंत पाच पायऱ्या. पेशंट कितवी शिकलाय याचा त्या उत्तरांवर फारसा परिणाम होत नाही, कारण त्याची स्पर्धा त्याच्याशीच. मला विचाराल तर आपल्याकडे पहिला कागद हा असायला हवा.

मुलींसाठी असा कागद प्रत्येक घरात आधीपासून आहे. प्रगतीपुस्तक. त्यात उंची आणि वजनाचा रकाना असतो, तो पीटीचे सर वर्षातून एकदा-दोनदा भरतात आणि आजवर एकाही पालकाने तो वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. गणिताचे मार्क बघून सही करतात. ते आकडे ओळीने मांडून इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर ठेवले, की चित्र उभं राहतं. हा ५ ते १८ वर्षांचा तक्ता करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. तक्त्यावर कमी-जास्त वजनाच्या एकावर एक रेषा असतात, आणि मूल सहसा आपापल्या रेषेने वर चढत जातं. वरच्या रेषेवरची मुलगी वर्षभरात दोन रेषा खाली आली, तर तिचा आकडा वर्गात 'नॉर्मल' दिसतो, आणि आतून हृदयाचे ठोके मंदावलेले असतात. अशा मुलींकडे हमखास दुर्लक्ष होतं. जाडसर मुलगी बारीक झाली म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी असतात. १,००० मुलींकडून फॉर्म भरून घेण्यापेक्षा तीन वर्षांची प्रगतीपुस्तकं मागवा, हे मी संस्थाचालकांना सांगितलं. ते म्हणाले, त्यात शिबिरासारखं काही दिसत नाही हो.

दोन्ही कागद एकाच घरात लागले, ते घर मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. अकरावीतली मुलगी, आईवडील दोघेही नोकरीला, दुपारी घरात ती आणि आज्जी. वजन उतरतंय म्हणून आई तिला घेऊन आली. जेवते की दुपारी, आज्जी वाढतात, असं आई ठामपणे म्हणाली. आज्जीही तसंच म्हणत होत्या. मुलगी एकटी बोलायला लागल्यावर कळलं. आज्जी ताट वाढायला उठल्या की ती म्हणायची, "आज्जी, मघाशीच जेवले की मी, तूच नाही का वाढलंस." आणि आज्जी म्हणायच्या, "व्हय की." नातीच्या आजाराला आज्जीच्या विसरण्याची जागा बरोबर सापडली होती, आणि ती घरातल्या मोठ्यांच्या कितीतरी आधी. आईला एका दिवसात दोन निदानं ऐकावी लागली. आज्जींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आठवायचं न्हाय, पन भांडं कोरडं असायचं." लक्षात ठेवता येत नव्हतं तरी पाहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांच्याकडे वही दिली. जेवण झालं की आज्जींनी एक रेघ मारायची. त्या रेघेवर मुलीने चार दिवस अबोला धरला.

त्या मुलीच्या वडिलांना एक कोडं सुटत नव्हतं. ही खात नाही, मग दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ का बघते, आम्हाला केक करून का घालते? त्यांना मी मिनेसोटाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ मध्ये दुसरं महायुद्ध चालू असताना मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपाशी राहिलेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे शिकायचं होतं. ते धडधाकट पुरुष काही महिन्यांत पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, ताटातला घास तासभर पुरवायला लागले, चिडचिडे झाले, कुणाशी बोलेनासे झाले. त्यांना कुणी बारीक व्हायचं वेड लावलेलं नव्हतं. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणजे आधी पोटात अन्न जायला हवं, मग समुपदेशन. मला फी देऊन तासभर बोलत बसलं म्हणून उपाशी मेंदूत काही शिरत नाही.

आणि अन्न जायचं तेही बेताने. इथे लोक उत्साहाच्या भरात डिंकाचे लाडू आणि तूप सुरू करतात. बऱ्याच उपासमारीनंतर एकदम खाणं वाढवलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातले क्षार बघायचे. नाडी पन्नासच्या खाली असेल, चक्कर येत असेल, तर दवाखान्यात भरती. मानसिक आजारांत मृत्यूचं प्रमाण ज्यांच्यात सगळ्यात जास्त, त्यांतला हा एक आहे. 'वयात असं होतंच' म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. तब्येत सावरल्यावर लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात वाढलेली पद्धत उपयोगी पडते. १९८७ च्या त्यांच्या अभ्यासात, लहान वयात सुरू झालेल्या आणि फार न मुरलेल्या आजारात कुटुंबाला बरोबर घेऊन केलेले उपचार सरस ठरले. ताटाचा ताबा काही काळ आईवडिलांनी घ्यायचा, न रागावता आणि न डगमगता. आमच्याकडे हे अर्थात आईवर पडतं. वडील फी भरतात.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मला शिबिर नको होतं त्याचं आणखी एक कारण म्हणजे मार्क कमी येण्याची साधीसुधी कारणंच आधी हुडकायला हवीत. बी-१२ कमी, थायरॉइड कमी, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडून डोक्याला लागलेला मार. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज असतो. आणि कान! मंडपात लाउडस्पीकरच्या शेजारी पाच शब्द सांगायचे आणि आठवा म्हणायचं. ज्याला ऐकूच आलं नाही तो काय आठवणार? लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा लांबवता येण्यासारखे चौदा धोके सांगितले, त्यात कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, एकटेपणा आहे. मी सेक्रेटरींना म्हटलं, कानांची तपासणी ठेवा, मी स्वतः येते. ते म्हणाले, कानाला गर्दी होत नाही. शेवटी फ्लेक्सवर 'स्मरणशक्तीसाठी कर्णतपासणी' छापायचं ठरलं आणि मी गप्प बसले. गर्दी झाली. कितीतरी जणांच्या कानातून नुसता मळ निघाला.

शाळेने प्रगतीपुस्तकं दिली नाहीत, पण पीटीच्या सरांनी आपलं जुनं रजिस्टर आणलं. आम्ही दोघांनी रेषा मांडल्या. ज्या मोजक्या मुली आपल्या रेषेवरून घसरल्या होत्या त्यांच्या आयांना एकेकटं बोलावलं, वर्गात नाव न घेता. एकीला टीबी निघाला. एकीच्या घरी खरोखरच खायची भ्रांत होती, तिला माझी नाही, रेशनकार्डाची गरज होती. आणि दोघी आता संध्याकाळी माझ्याकडे येतात.

कुणाला आपल्या घरात असं काही वाटत असेल तर थांबू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७. माझ्याकडे किंवा कुणाहीकडे येणार असाल तर मुलीची मागच्या तीन-चार वर्षांची प्रगतीपुस्तकं आणा. आज्जी-आजोबांचा चष्मा, असेल तर कानाचं मशीन, चालू गोळ्या पाकिटांसकट, आणि रोज त्यांच्याबरोबर राहणारं माणूस आणा. अमेरिकेहून आलेला मुलगा नको, तो फक्त रडतो.

आणि एक विनंती. रिक्षात बसवून त्यांच्याकडून तारीख-वार पाठ करून घेऊ नका. परवा एक आजोबा दारातून आत आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मंगळवार, अकरा तारीख, मिरज, पंतप्रधान नरेंद्र मोदी," आणि मुलाकडे वळून विचारलं, "आता जायचं का?"